सॅन डिएगोला मोटरहोम नेताय? आधी ती उभी कुठं राहणार ते ठरवा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जूनच्या मध्यावर मुलांची शाळा संपली की सॅन होजेहून मोटरहोम भाड्यानं घ्यायची आणि आठ दिवस सॅन डिएगोला जायचं. तुम्ही दोघं, ९ आणि ६ वर्षांची दोन मुलं आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. आरव्ही (चाकांवरचं घर, म्हणजे ही मोटरहोमच) याआधी कधी चालवलेली नाही. गाडी २५ फुटी घ्यावी की ३० फुटी, हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल का, आणि शेवटी, 'तिथं ऊन असेल ना?'

मी सोळा वर्षं हा उद्योग करतोय. पहिली सहा वर्षं भाड्याच्या गाड्या, मग एक जुनी २५ फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर माडी असलेली मोटरहोम) विकत घेतली. सॅन डिएगोच्या वाऱ्या दहाच्या वर झाल्या असतील. त्यावरून सांगतो की तुमचे प्रश्न बरोबर आहेत, फक्त क्रम उलटा आहे. गाडी किती फुटी हा शेवटचा प्रश्न. ती आठ रात्री उभी कुठं राहणार, हा पहिला. सॅन डिएगोत आरव्ही म्हणजे गाडी नव्हे, घर. घरासाठी आधी जागा बघतात, मग विटा.

उन्हापासून सुरुवात करू, कारण त्यावरच जागा ठरते. आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे उकाडा, घाम, रत्नागिरी. इथं उलट आहे. या किनाऱ्यालगतचं पाणी थंड असतं. त्यावरची हवा गार आणि दमट होते, तिच्यावर गरम कोरड्या हवेचं झाकण बसतं आणि मधे ढगांचा एक सपाट थर अडकतो. मे-जूनमध्ये हा थर सकाळी किनाऱ्यावर पसरतो, दुपारी मागे सरकतो, आणि काही दिवस सरकतच नाही. स्थानिक लोक त्याला 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात. पाऊस नाही, वादळ नाही, नुसतं मळभ. जूनमध्ये किनाऱ्यावरचं कमाल तापमान साधारण २१-२२ अंश सेल्सिअस आणि समुद्राचं पाणी १८-१९. मुलं त्यातही उड्या मारतील, आईंना मात्र स्वेटर लागेल. खरं ऊन, कोमट पाणी आणि निवांत किनारा हवा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम; पण मुलांची शाळा असल्यानं तो सल्ला तुम्हाला निरुपयोगी.

त्यातली सोयीची गोष्ट अशी की हा ढग किनाऱ्याला चिकटलेला असतो. १५-२० मैल आत गेलात की सकाळी दहालाच लख्ख ऊन. म्हणून मुक्काम दोन ठिकाणी वाटा: काही रात्री पाण्याजवळ, काही रात्री आत.

पाण्याजवळच्या जागा दोन प्रकारच्या. पहिला प्रकार सरकारी स्टेट बीच कॅम्पग्राउंडचा. उत्तरेकडून येताना साउथ कार्ल्सबाड आणि सॅन एलिहो कड्यावर आहेत. खिडकीतून समुद्र दिसतो आणि जिन्यानं खाली वाळूत उतरता येतं. दक्षिणेला कोरोनाडोच्या खालच्या वाळूच्या पट्टीवर सिल्व्हर स्ट्रँड. तिथं तंबू चालत नाहीत, स्वतःचं शौचालय आणि टाक्या असलेल्या गाड्याच लागतात. खरं सांगायचं तर ते एक लांबलचक पार्किंग आहे, पण पुढच्या रांगेतल्या गाडीचं दार उघडलं की समोर पॅसिफिक. या सगळ्यांचं बुकिंग 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया'वर सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता उघडतं आणि उन्हाळ्याच्या तारखा बघता बघता संपतात. तुम्ही फेब्रुवारीत विचारताय, म्हणजे जूनची पहिली पंगत उठली. तरी हताश होऊ नका, लोक सतत रद्द करतात. रोज सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं बघत जा, विशेषतः रविवार ते गुरुवारच्या रात्री. सलग चार रात्रींचा हट्ट धरू नका. दोन मिळाल्या तरी घ्या.

सिल्व्हर स्ट्रँडबद्दल एक सांगून ठेवतो, कारण जाहिरातीत ते येत नाही. तिहुआना नदीतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे इंपीरियल बीचला पाण्यात उतरायला वारंवार बंदी असते आणि प्रवाह उत्तरेकडे असला की तो त्रास सिल्व्हर स्ट्रँडपर्यंत पोचतो. निघायच्या आदल्या दिवशी काउंटीची किनाऱ्यांबद्दलची सूचना वाचा. पाटी लागली असेल तर मुलांना पट्टीच्या पलीकडच्या, खाडीकडच्या बाजूलाही उतरवू नका, थेट मिशन बे गाठा.

दुसरा प्रकार खासगी रिसॉर्टचा. मिशन बेवर 'कॅम्पलँड ऑन द बे', आणि चुला व्हिस्टाच्या खाडीकाठी २०२१ साली उघडलेलं 'सन आउटडोर्स'. महाग आहेत, गाड्या एकमेकींना खेटून असतात. पण वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्हीची जोडणी जागेवरच मिळते. पहिल्याच सहलीत सहा माणसं आणि दोन ज्येष्ठ असतील तर किनाऱ्यावरच्या रात्री मी इथंच काढेन. मिशन बेचं पाणी संथ असतं, लाटा नाहीत. ६ वर्षांच्या मुलासाठी ते बरंच. आतल्या रात्रींसाठी सँटी लेक्स. पुनर्वापराच्या पाण्यावर राखलेले छोटे तलाव, बदकं, झाडं, आणि बाबांना सकाळी फिरायला सपाट रस्ता. मला विचाराल तर आई-बाबांना समुद्रापेक्षा तेच जास्त आवडेल. माझ्या आईनं तर चौथ्या दिवशी 'परत बदकांकडे चल' म्हटलं होतं.

जागा न मिळाल्यास रस्त्यावर कुठं तरी रात्र काढू, हा विचार डोक्यातून काढून टाका. सॅन डिएगो शहराच्या रस्त्यांवर पहाटे २ ते ६ आरव्ही उभी करायला बंदी आहे, शिवाय रात्री ९ ते सकाळी ६ गाडीत मुक्काम करण्यावरही निर्बंध आहेत. किनाऱ्यालगत हे काटेकोरपणे बघतात. आई-बाबांना रात्री दोन वाजता खिडकीवर टॉर्च मारून कुणी उठवावं, अशी ही सहल नाही.

जागा ठरल्या की गाडी. सहा जणांना तुम्ही ३० फुटीचा विचार करताय. जाहिरातीत '७ जण झोपतात' असं लिहिलं असेल. झोपण्याच्या जागा मोजू नका, सीट बेल्ट मोजा. चालत्या गाडीत कुणीही मागच्या पलंगावर आडवं व्हायचं नाही. तुमच्या ६ वर्षांच्या मुलाला कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट) लागतो, आणि तो पुढे तोंड असलेल्या सीटवरच बसवायचा. आडव्या बाकावर नाही. गाडी ठरवण्याआधी कंपनीला आतला नकाशा मागा आणि पुढे तोंड असलेल्या बेल्टच्या सीट कुठं आहेत त्यावर बोट ठेवून विचारा. झोपण्याची वाटणी अशी: मागचा पलंग आई-बाबांना, कारण शौचालय तिथून दोन पावलांवर. ड्रायव्हरच्या डोक्यावरची माडी मुलांना. जाळी आहे ना ते बघा. जेवणाच्या टेबलाचा पलंग तुम्हा दोघांना. पाठ दुखेल, पण हा त्याग तुमच्याच वाट्याचा. बेल्ट आणि पलंग जमत असतील तर २५ फुटी घ्या. सहा जणांना ती दाटीची होते हे खरं, तरी जागा मिळायला आणि वळवायला सोपी. नाहीतर ३० फुटी घ्या, मात्र बुकिंग करताना त्या जागेची लांबीची मर्यादा तपासा.

लायसन्सची काळजी नको. ४० फुटांपर्यंतच्या मोटरहोमला कॅलिफोर्नियात साधं कारचं लायसन्स चालतं. काळजी करायची ती उंचीची आणि शेपटीची. क्लास सी साधारण १२ फूट उंच असते: ड्राइव्ह-थ्रू बंद, बहुमजली पार्किंग बंद, रस्त्याकडेच्या झाडाच्या फांद्या तुमच्याच. उंचीचा आकडा चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावा. शेपटी म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबणारा भाग. तुम्ही उजवीकडे वळता तेव्हा ती डावीकडे झुलते. पहिल्याच सहलीत पेट्रोल भरून निघताना मी कारसारखं झटकन स्टिअरिंग फिरवलं आणि शेपटीनं पंपाजवळचा पिवळा खांब गाठला. विम्यात आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम किती असते, याचा धडा मला त्या दिवशी मिळाला. पंपावरून निघताना एक गाडीभर सरळ पुढे जा, मगच वळा.

स्वस्त पडेल का? नाही. भाडं दिसतं ते फक्त रात्रीचं. त्यावर मैलांचे पैसे, जनरेटरच्या तासांचे पैसे, भांडी आणि अंथरुणाचा संच, विमा, टाक्या रिकाम्या करून दिल्या नाहीत तर दंड, आणि कॅम्पग्राउंडचं भाडं वेगळं. पेट्रोलचा हिशेब मांडून दाखवतो: जाऊन-येऊन हजारेक मैल, गॅलनला ८ मैल, म्हणजे १२५ गॅलन, गॅलन ५ डॉलर धरलं तर ६२५ डॉलर. हॉटेलच्या दोन खोल्या आणि मिनीव्हॅन यापेक्षा हे कमी होईल अशी आशा धरू नका. आरव्ही घ्यायची ती आईंच्या गुडघ्यांना हवं तेव्हा आडवं होता यावं, औषधाच्या वेळेला गरम वरणभात मिळावा आणि रोज सामान बांधायला लागू नये म्हणून. ही कारणं पटत नसतील तर सरळ हॉटेल घ्या, मला वाईट वाटणार नाही.

आता पाणी. भाड्यानं देणारे गाडी ताब्यात देताना हे दहा मिनिटांत उरकतात, आणि आपल्या घरांची खरी फजिती इथंच होते. गाडीत तीन टाक्या: स्वच्छ पाण्याची, बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची (ग्रे) आणि शौचालयाची (ब्लॅक). स्वच्छ टाकी साधारण ४० गॅलन म्हणजे १५० लिटर धरा. जोडणी नसलेल्या जागी सहा माणसं तीन दिवस राहिली, तर माणशी दिवसाला आठ लिटर आले. त्यात प्यायचं, भांडी, अंघोळ, सगळं. आपल्याकडे कुकर विसळायलाच तेवढं जातं. म्हणून जोडणी नसेल तिथं अंघोळ कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात (बऱ्याच ठिकाणी पैसे टाकून पाणी येतं, सुटी नाणी ठेवा), खरकटं कागदानं पुसून मग धुवायचं, आणि तेल किंवा भाताची पेज बेसिनमध्ये अजिबात ओतायची नाही.

शौचालयाचं थोडं उघड बोलतो. आपली माणसं पाणी वापरतात, कागद नाही. ब्लॅक टाकीला ते चांगलंच, कारण तिला पाणीच हवं असतं. कोरडी राहिली की सगळं खाली थिजतं. पण टाकी अंदाजापेक्षा लवकर भरते. सहा जणांत दोन-तीन दिवसांत. मग डंप, म्हणजे टाकी रिकामी करायची. हातमोजे घाला, आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे ग्रेच्या पाण्यानं नळी धुवून निघते. आणि जागेवर सांडपाण्याची जोडणी असली तरी ब्लॅकचा दांडा बंदच ठेवायचा, भरली की एकदम सोडायची. मी पूर्वी एकदा चार दिवस तो उघडा ठेवला होता. पाणी वाहून गेलं आणि उरलेल्याचा आत पिरॅमिड झाला. तो कसा फोडला ते जेवणाआधी वाचू नये, म्हणून लिहीत नाही.

विजेचं गणित पाण्याइतकं घाण नाही. क्लास सीला बहुतेक ३० अँपिअरची जोडणी असते: १२० व्होल्ट गुणिले ३०, म्हणजे ३,६०० वॅट. एसी दीडएक हजार, मायक्रोवेव्ह तेवढाच, इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) हजारच्या आसपास; तिन्ही एकदम लावले की अंधार. दोन लावा, तिसरा थांबवा. जूनच्या किनाऱ्यावर एसी लागतच नाही, सँटीत दुपारी लागेल. आईंचा भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा असतो, तो घरीच ठेवा. वाटण, चटण्या करून डब्यात भरून आणा. इडलीचं पीठही घरूनच आंबवून आणा. त्या गार हवेत ते गाडीत फुगणार नाही, आणि फुगलं तर पहिल्या वळणावर बाहेर येईल. फोडणी देताना वरचा पंखा आणि खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म अख्ख्या कॅम्पला उठवेल. सरकारी कॅम्पग्राउंडात जनरेटर फक्त सकाळी १० ते रात्री ८ चालवता येतो, तेव्हा सकाळचा चहा गॅसवर.

रस्ता. जाताना हायवे १०१ घ्या. बिग सरचा हायवे १ कितीही देखणा असला तरी नवख्या माणसानं पाहुण्यांना घेऊन तिकडं ही गाडी घालू नये. शिवाय दरडींमुळे तो रस्ता बंद पडत असतो. शुक्रवारी निघालात तर पहिली रात्र पिझमो बीच, शनिवारी कार्पिंटेरिया किंवा व्हेंचुरा. रविवारी पहाटे सहाला चाकं हलली पाहिजेत, म्हणजे लॉस एंजेलिस जागं व्हायच्या आत पार. ते शहर शुक्रवारी संध्याकाळी आरव्हीत ओलांडणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी पेणच्या रस्त्याला लागणं. आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर मिठाई घ्यायचा मोह आवरा, तिथं कार लावायची मारामार. किराणा संपलाच तर सॅन डिएगोत मीरा मेसाच्या बाजूला भारतीय दुकानं आहेत.

परतताना आय-५ हा महामार्ग. ग्रेपवाइनचा घाट उत्तरेकडे जाताना सलग उतार आहे. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापतील. गिअरच्या दांड्यावरचं 'टो-हॉल' बटण दाबा, इंजिनच गाडी धरून ठेवेल.

पोचल्यावर गाडी जोडा आणि विसरा. दोन-तीन दिवसांसाठी एक मिनीव्हॅन भाड्यानं घ्या. हा खर्च वाचवायला बघतात तेच मग ला होयात समुद्रसिंह बघायला जाऊन दीड तास पार्किंग शोधतात आणि न उतरता परततात. चुला व्हिस्टाहून ट्रॉलीची (शहरातल्या विजेवरच्या रेल्वेची) निळी लाइन गावात जाते, सँटीहूनही ट्रॉली आहे. बाल्बोआ पार्क, प्राणिसंग्रहालय, मिडवे हे विमानवाहू जहाज, हे सगळं मिनीव्हॅननं किंवा ट्रॉलीनं. मिडवेवर जिने खडे आहेत. बाबा खूश होतील, आईंना विमानांच्या डेकवर बसवा. पॉइंट लोमाचं १८५५चं दीपगृह चुकवू नका, फक्त मळभ उठल्यावर दुपारी जा, नाहीतर ढगाच्या पोटात उभं राहून परत याल.

सीमेबद्दल दोन वाक्यं. आय-५ दक्षिणेकडे सरळ मेक्सिकोत जातो. 'लास्ट यूएसए एक्झिट'ची पाटी चुकली तर परतायला तासन् तास, आणि भाड्याच्या गाडीचा विमा पलीकडे सहसा चालत नाही. उत्तरेकडे परतताना सॅन क्लेमेंटेजवळ सीमा पोलिसांचा नाका असतो. तो बंदही असतो, पण आई-बाबांचे पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) ची छापील प्रत पुढच्या कप्प्यात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

शेवटी तुम्ही हळूच लिहिलंय की बाबांना स्टिअरिंग धरायची हौस आहे. करारात नाव असेल तोच चालवणार, त्यामुळे ते जमेलसं नाही. त्यांना शेजारची सीट द्या, कोरोनाडोच्या पुलावरून दिसणारी खाडी त्यांच्याच बाजूला येईल अशा बेतानं एकदा पूल ओलांडा. आणि रोज संध्याकाळी गाडी मागे घेताना त्यांना खाली उतरवा. 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं काम त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही. फक्त आरशात दिसतील असे उभे राहा म्हणावं, आणि दिसेनासे झाले की तुम्ही ब्रेक दाबा.